निवारागृहाचे दुसरे दार

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आला आणि अवघ्या तीन-चार महिन्यांत त्यावर तीन महत्त्वाचे आदेश निघाले. न्या. जे. बी. पारडीवाला व न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने ११ ऑगस्टला दिल्ली आणि भोवतालच्या परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवावीत, ती पुन्हा रस्त्यावर सोडू नयेत, असे फर्मावले. अकरा दिवसांनी न्या. विक्रम नाथ, न्या. संदीप मेहता व न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या त्रिसदस्य खंडपीठाने या आदेशाला मुरड घातली. निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री जेथून उचलली तेथेच सोडावीत, रेबीज झालेली वा त्याचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे नव्या आदेशात म्हटले होते आणि त्याची व्याप्ती देशभर वाढविण्यात आली. नंतर ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवून निवारागृहांत ठेवावीत, त्यांना पुन्हा त्याच जागी आणू नये, असा तिसरा आदेश निघाला.

या आदेशांवर वृत्तपत्रांतून, सभांतून आणि रस्त्यांवरूनही बरीच खडाजंगी झाली. एका बाजूला कुत्रा चावलेल्या मुलांचे आईबाप होते आणि दुसऱ्या बाजूला रोज संध्याकाळी पिशवीतून पोळ्या घेऊन निघणारी माणसे होती. देशात २०२४ या एका वर्षात कुत्रे चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्याचे केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले आहे. तेव्हा पहिल्या बाजूचा संताप खोटा ठरवण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही बाजूंचा वाद कुत्रे बाहेर असावे की आत असावे, एवढ्यापुरताच राहिला. आत गेलेल्या कुत्र्याचे पुढे काय होते, हे जवळजवळ कोणी विचारले नाही. २२ ऑगस्टच्या आदेशात इच्छुक प्राणिप्रेमींनी महापालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घ्यावे, अशीही एक तरतूद होती. ते कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकण्यात आली होती. गदारोळात या तरतुदीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वस्तुतः निवारागृहांची सारी योजना टिकेल की कोसळेल, हे तिच्यावरच अवलंबून आहे.

यामागचा हिशेब अगदी शाळेतल्या त्रैराशिकासारखा आहे. शंभर पिंजऱ्यांचे एखादे निवारागृह आहे असे समजू. तेथे आलेले प्रत्येक कुत्रे सरासरी सहा महिने राहून घरी किंवा आपल्या जागी परत गेले, तर वर्षभरात दोनशे कुत्र्यांची सोय होते. तेच कुत्रे मरेपर्यंत, म्हणजे समजा दहा वर्षे, तेथेच राहिले, तर पहिल्या वर्षी शंभर पिंजरे भरतात आणि नंतर वर्षाला दहाच जागा रिकाम्या होतात. दर कुत्र्यामागे दिवसाला पन्नास रुपये एवढाच खर्च धरला, तरी एका कुत्र्याचा वर्षाचा खर्च १८,२५० रुपये होतो आणि दहा वर्षांचा १,८२,५०० रुपये. औषधपाणी, नोकरवर्ग आणि जागा यांचा हिशेब वेगळाच. २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख भरली होती आणि त्यांपैकी पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात होती. त्यांतील केवळ शाळा-रुग्णालयांच्या आवारांतली कुत्री आत घ्यायची म्हटली, तरी कोणत्याही नगरपालिकेचे अंदाजपत्रक पहिल्याच पावसाळ्यात भिजून जाईल. शंभर पिंजऱ्यांत तीनशे कुत्री कोंबली जातील. त्यांच्यात रोग पसरेल, मारामाऱ्या होतील आणि मग कागदावर निवारागृह असलेली ती जागा प्रत्यक्षात कोंडवाडा होऊन बसेल.

मुंबईला हा अनुभव अगदीच नवा नाही. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा रिवाज होता आणि मारणाऱ्यांना बक्षीस मिळे. १८३२ च्या जून महिन्यात या मारेकऱ्यांविरुद्ध फोर्ट भागात पारशी समाजाने दंगा केला. इतर व्यापारी समाजही त्यात ओढले गेले आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जिजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरजवळ पांजरपोळ स्थापन केले. आज ते नाव घेतले की डोळ्यांपुढे गाई येतात. परंतु या पांजरपोळाच्या आरंभी तेथे गोळीपासून वाचवलेल्या कुत्र्यांचाच भरणा मोठा होता आणि त्यांना दूध मिळावे म्हणून गाई बाळगण्यात आल्या, हा इतिहास विसरला गेला आहे.

पांजरपोळ ही मोठ्या करुणेतून जन्मलेली संस्था आहे यात शंका नाही. दूध आटलेल्या गाईला, लंगड्या बैलाला, पिसे झडलेल्या पाखरालाही तेथे जागा मिळत आली. तथापि या संस्थेच्या रचनेला प्रवेशाचे एकच दार असते. आत आलेला जीव तेथेच मरावयाचा, हे गृहीतच असते. दानशूराने पैसे द्यावेत, सणासुदीला चारा पाठवावा, पण त्यातला एखादा जीव आपल्या घरी न्यावा, ही कल्पना या परंपरेत रुजली नाही. दया करावी ती लांबून, वर्गणीच्या पावतीतून, अशी सवय पिढ्यान्‌पिढ्या मुरली. आजची श्वान निवारागृहे इंग्रजी नावांच्या पाट्या लावीत असली, तरी समाजाची त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी पांजरपोळाचीच आहे. तेथे वाढदिवसाला एक दिवसाचे अन्न देणारे पुष्कळ मिळतात. एक कुत्रे नेणारा क्वचितच मिळतो, आणि जो मिळतो त्याला पिल्लू हवे असते.

खरी अडचण येथेच आहे. निवारागृहात आलेले कुटुंब प्रथम पिल्लांकडे वळते. त्यात अस्वाभाविक असे काही नाही. पिल्लांना घरे मिळतात आणि मोठी कुत्री मागे उरतात. मागे उरल्यामुळे ती आणखी म्हातारी होतात आणि म्हातारी झाल्यामुळे त्यांना कोणी नेत नाही. साधारणतः सातव्या-आठव्या वर्षानंतर कुत्रे उताराला लागते, असे पशुवैद्य मानतात. मोठ्या अंगाच्या जातींत हा उतार लवकर सुरू होतो, लहान चणीच्या जातींत उशिरा. तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात आणि डोळ्यांच्या बाहुल्यांत निळसर धुरकटपणा दिसू लागतो. हा धुरकटपणा म्हणजे प्रत्येक वेळी मोतीबिंदू नव्हे. पुष्कळदा ते वयाने भिंग घट्ट झाल्याचे लक्षण असते आणि त्याने दृष्टीला फारशी बाधा येत नाही. पण पाहायला आलेल्या गृहस्थाला कुत्रे आंधळे झाल्यासारखे वाटते आणि तो पुढच्या पिंजऱ्याकडे सरकतो.

मागे उरणाऱ्या या कुत्र्यांत दोन अगदी निरनिराळे वर्ग आहेत आणि त्यांची गल्लत केल्याने बरेच नुकसान होते. निर्बीजीकरणाची खूण म्हणून ज्याच्या कानाला खाच पाडलेली असते, असे रस्त्यावर जन्मलेले आणि रस्त्यावरच वाढलेले कुत्रे हा पहिला वर्ग. दुसरा वर्ग घरातून बाहेर काढलेल्या कुत्र्यांचा. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, पामेरियन अशी ही मंडळी असतात. एके काळी त्यांच्यासाठी हजारो रुपये मोजलेले असतात. पुढे मालकाची बदली होते, घरात बाळ येते किंवा कुत्र्याच्या मागच्या पायांतला जोर जातो आणि जिना चढवेनासा होतो. मग एखाद्या रविवारी त्याला मोटारीत घालून दूर सोडून देण्यात येते. आयुष्यभर ताटलीतले खाल्लेल्या या प्राण्याला उकिरड्यावर अन्न शोधता येत नाही आणि वस्तीतल्या कुत्र्यांची हद्दही कळत नाही.

असे सोडून देणे हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे अकरावे कलम, भुकेने वा तहानेने प्राण्याचे हाल होतील अशा रीतीने त्याला वाऱ्यावर सोडणाऱ्यास शिक्षा सांगते. पहिल्या गुन्ह्यास ही शिक्षा किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंडाची आहे. १९६० साली दहा रुपयांना काही किंमत होती. आज कुत्र्याच्या गळ्यातला पट्टाही त्यात येत नाही. संसदेला या आकड्याकडे पाहण्यास सवड मिळत नाही, याचे नवल वाटण्याचे दिवसही आता गेले.

प्रौढ कुत्रे घरी नेण्याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांत पहिला 'जुने खोड वाकत नाही' हा असतो. झाडाच्या बाबतीत तो खरा असेल, कुत्र्याच्या बाबतीत अनुभव निराळा आहे. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या चार लॅब्राडॉरांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या वेळी काम केले होते. निवृत्तीनंतर त्यांना विरारच्या एका शेतावर नेण्यात आले. सारी हयात पथकाच्या शिस्तीत, ठरलेल्या माणसाच्या हुकमावर घालवलेली ही कुत्री उतारवयात नव्या जागेला आणि नव्या माणसांना सरावली. २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक अशी चौघेही गेली आणि वृत्तपत्रांनी त्यांची आदराने नोंद घेतली. तो आदर योग्यच होता. मात्र या चौघांना घर मिळाले ते त्यांच्या सेवापुस्तकामुळे. ज्या कुत्र्याने कोणाचेही प्राण वाचवलेले नाहीत, जे केवळ म्हातारे झाले आहे, त्याच्यासाठी अशी नोंदवही कोणी ठेवीत नाही.

शिकण्याच्या बाबतीत तर मोठ्या कुत्र्याची बाजू पुष्कळदा वरचढ ठरते. पिल्लू वर्षभर चपला, टेबलाचे पाय आणि मुलांच्या वह्या कुरतडते, दर दोन तासांनी घर घाण करते आणि मोठेपणी त्याचा स्वभाव कसा होईल, हा अंदाजाचाच भाग राहतो. आठ वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. लहान मुलांना ते सोसते की नाही, दुसऱ्या कुत्र्यावर गुरगुरते का, फटाक्यांना घाबरते का, हे निवारागृहातल्या रखवालदाराला नेमके ठाऊक असते. त्याला विचारण्याची तसदी मात्र घ्यावी लागते. नव्या घरी गेल्यावर असे कुत्रे पहिले काही दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही, जेवणही टाळते. या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: तीन दिवस भीती जायला, तीन आठवडे घराची रीत कळायला आणि तीन महिने घर आपले वाटायला. पहिल्या चार दिवसांतच 'याला काही लळा नाही' असा निकाल देऊन कुत्रे परत करणारे त्याच्यावर दुहेरी अन्याय करतात. सुनेला मात्र हीच माणसे वर्षभराची सवलत देतात, निदान देतो असे सांगतात.

खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो उडवून लावण्यात अर्थ नाही. उतारवयात सांधे धरतात, दात किडतात, मूत्रपिंडे दुबळी होतात. रक्ततपासणी, औषधे आणि पथ्याचे अन्न यांचा भार कारकुनाच्या वा शिक्षकाच्या पगारावर पडला, तर तो जाणवल्याशिवाय राहत नाही. यावर उपाय नाही असे नव्हे. कुत्रे कायमचे घरी राहील, परंतु त्याच्या आजारपणाचा खर्च संस्थाच करील, अशी व्यवस्था अमेरिकेतील काही संस्थांनी बसवली आहे. पिंजऱ्यातल्या कुत्र्यालाही औषध द्यावेच लागते. घरी गेल्याने त्याचे खाणे आणि जागा यांचा खर्च वाचतो. तेव्हा या व्यवस्थेत संस्थेचा तोटा नाही. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांना हे अशक्य नाही. निवारागृहातून नेलेल्या प्रौढ कुत्र्याला पालिकेच्या वा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तहहयात विनामूल्य उपचार आणि परवाना शुल्कात पूर्ण सूट एवढे दोन निर्णय घेतले, तरी हा आक्षेप निम्म्याने ओसरेल.

राहता राहिला तो मरणाचा आक्षेप. जीव लावावा आणि चार वर्षांत ते जावे, यापेक्षा न आणलेले बरे, असे सांगणारी माणसे पाषाणहृदयी नसतात. बहुधा त्यांनी पूर्वी एखादे कुत्रे गमावलेले असते. या आक्षेपाला युक्तिवादाने उत्तर नाही. पण तोच आक्षेप उलटा करून पाहण्यासारखा आहे. साठी ओलांडून निवृत्त झालेल्या शिक्षकाला कुत्र्याची सोबत हवी असते, सकाळी फिरायला जायला निमित्त हवे असते. मात्र पंधरा वर्षे जगणारे पिल्लू घरात आणताना त्याच्या मनात येते, की आपल्यामागे याचे काय? मुलगा परदेशात असतो, सून नोकरीवर जाते. अशा घरी नऊ वर्षांचे शांत कुत्रे आले, तर दोघांच्याही आयुष्याचा हिशेब जुळतो. सॅन फ्रान्सिस्को येथे २००७ साली स्थापन झालेली मटव्हिल ही संस्था केवळ वृद्ध कुत्र्यांनाच घरे शोधून देते आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी तिने खास योजना चालवली आहे. वृद्धांचे एकाकीपण हा आता महाराष्ट्रातील शहरांतही घरोघरचा विषय आहे. त्यासाठी विरंगुळा केंद्रे काढणाऱ्या नगरसेवकांना हा दुसरा मार्ग सुचत नाही, इतकेच.

याचा अर्थ निवारागृहातले प्रत्येक कुत्रे कोणाच्या तरी दिवाणखान्यात नेऊन बसवावे, असा नव्हे. प्राणिप्रेमींच्या उत्साहाला येथे लगाम घालणे आवश्यक आहे. आठ वर्षे मोकळ्या आवारात फिरलेल्या, माणसाचा स्पर्श टाळणाऱ्या गावठी कुत्र्याला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कोंडणे ही दया नाही. अशा कुत्र्याला बंगल्याचे आवार, शेत वा राखणीची जागा मिळाली तर ठीक, नाही तर निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याच्या मूळ वस्तीत सोडणे हेच शहाणपणाचे. प्राणी जन्मनियंत्रणाचे २००१ चे आणि नंतर २०२३ चे नियम याच विचारावर उभे आहेत. शाळांच्या आवारांतून हलवलेल्या कुत्र्यांना मात्र ७ नोव्हेंबरच्या आदेशाने तो मार्ग बंद केला. त्यांच्यापैकी जी माणसाळलेली आहेत, शिपायाच्या डब्यातले खाऊन आणि मुलांच्या गलक्यात झोपून ज्यांची वर्षे गेली आहेत, त्यांच्यापुढे घर किंवा पिंजरा एवढे दोनच पर्याय उरतात. एखाद्या शाळेतल्या शिक्षकांनी, महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी आपल्या आवारातले ओळखीचे कुत्रे कोणाच्या घरी जाईल, याची खटपट पालिकेची गाडी येण्यापूर्वीच केली, तर ती गाडी रिकामी परत जाऊ शकते.

दत्तक घेण्याने रेबीज हटणार नाही, हेही स्पष्टच सांगितले पाहिजे. कुत्र्यांपासून माणसाला होणारा रेबीज २०३० पर्यंत संपविण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले. त्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांचे सातत्याने लसीकरण व्हावे लागते. गोव्याने ते काम नेटाने केले आणि २०२१ साली त्या राज्याला रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित करण्यात आले. रस्त्यावरच्या कोट्यवधी कुत्र्यांसाठी मार्ग तोच. दत्तकाचा विचार पिंजऱ्यात आधीच असलेल्यांसाठी आहे.

त्या विचाराच्या आड सर्वांत मोठा धोंडा कुत्र्याच्या वयाचा नसून माणसांच्या गृहनिर्माण संस्थांचा आहे. घरात कुत्रे पाळण्यास संस्थेने बंदी घालू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सूचनापत्र काढून स्पष्ट केले. तरीही उद्वाहनात कुत्र्याला मज्जाव, कुत्रे पाळणाऱ्याकडून वाढीव देखभाल शुल्क, भाडेकरूच्या करारातच कुत्र्याला बंदी, हे प्रकार राजरोस चालतात. सांधे धरलेल्या कुत्र्याला चार मजले चढून जाण्यास सांगणारा ठराव सर्वसाधारण सभेत बहुमताने संमत होतो, हात वर करणाऱ्यांत दरमहा पांजरपोळाला देणगी धाडणारेही असतात, आणि इतिवृत्तात त्या ठरावाला सूचक व अनुमोदक यांची नावे रीतसर लिहिली जातात.